देवाला ‘बापा’ म्हणायला जीभ वळत नसेल तर काय करायचं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने विश्वासात आलेल्या लोकांबरोबर मी शनिवारी संध्याकाळी बसते, क्लास वगैरे काही नाही, कोणाच्या तरी घरी चहा, बायबल आणि ज्याला जे विचारायचंय ते. इतक्या वर्षांत एक गोष्ट परत परत बघितली. प्रार्थना सुरू झाली की माणसं ‘हे सर्वसमर्थ पवित्र प्रभू’ इथपर्यंत न अडखळता जातात, पण ‘बापा’ म्हणायची वेळ आली की आवाज खाली जातो नाहीतर तो शब्दच गाळून पुढे जातात. एका काकूंनी मला सरळ सांगितलं, अगं मालक म्हणायला सोपं वाटतं, आयुष्यभर लोकांच्या घरची कामं केलीत, मालकासमोर कसं उभं राहायचं ते माहीत आहे, बाप म्हटलं की काय करायचं तेच कळत नाही.

त्या काकूंसाठी आणि तसं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आधीच एक गोष्ट सांगून ठेवते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बायबल म्हणतं की येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला देव लेकरू म्हणून दत्तक घेतो. दत्तक एका दिवसात होतं, पण त्या घरचं लेकरू म्हणून वागायला शिकायला वर्षं लागतात, आणि आपण काय करतो, अजून नीट वागता येत नाही म्हणजे दत्तकच झालं नसेल असं धरून चालतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

तर सुरुवात कागदापासून करा. एक वही घ्या आणि स्वतःच्या हाताने चार ठिकाणची वचनं लिहून काढा, योहान १:१२, गलतीकरांस ४:४ ते ७, रोमकरांस ८:१५ ते १७ आणि इफिसकरांस १:५. मोबाईलवर कॉपी पेस्ट नको, हाताने लिहा. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधा आणि ते काम कोण करतंय त्याच्याखाली रेघ मारा. नेमलं कोणी, पाठवलं कोणी, खंडणी भरून सोडवलं कोणी, अधिकार दिला कोणी, आत्मा पाठवला कोणी. जवळजवळ सगळ्या रेघा देवाच्या नावाखाली येतील, आपल्या वाट्याला स्वीकार करणं, विश्वास ठेवणं आणि हाक मारणं एवढंच उरतं. ज्या मुलाला दत्तक घेतात ते मूल अर्ज करत नाही हो, अर्ज आईबाप करतात, धावपळ आईबाप करतात, मूल फक्त हात धरून घरात येतं.

यातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्याने इथे जो ग्रीक शब्द वापरलाय, हुइओथेसिया, म्हणजे दत्तकपण, तो नव्या करारात फक्त पाच वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्याच पत्रांत. योहान बहुतेक नव्या जन्माची भाषा बोलतो, पौल दत्तकाची, दोन्ही खरंच आहेत. पण पौल रोमी जगात लिहीत होता आणि तिथे दत्तक ही काही दयेपोटी केलेली गोष्ट नव्हती, घराण्याला वारस हवा म्हणून विचार करून घेतलेला निर्णय होता, आणि बऱ्याचदा घेतला जाणारा चांगला मोठा माणूस असायचा. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रात आपल्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलं तोच पुढे सम्राट ऑगस्टस झाला. आणि पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं साधारण इसवी सन ५७ मध्ये, तेव्हा गादीवर नीरो होता, त्याला आधीच्या सम्राटाने, क्लौद्याने, इसवी सन ५० मध्ये दत्तक घेतलेलं, आणि क्लौद्याचा स्वतःचा पोटचा मुलगा असताना गादी या दत्तक मुलाला मिळाली. नीरो माणूस कसा होता ते सोडा, मुद्दा हा की रोममधल्या साध्या गुलामालासुद्धा पत्र ऐकताना माहीत होतं की दत्तक मुलगा म्हणजे दुय्यम मुलगा नव्हे, तो साम्राज्याचा वारस होऊ शकतो.

आपल्याकडे ‘दत्तक’ म्हटलं की काही जणांना जरा कमीपणा वाटतो, ‘पोटचं नाही ना’ असं हळूच बोलतात. म्हणून मला ग्रूपमध्ये नेहमी सयाजीराव गायकवाडांचं सांगावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकरी घरातला गोपाळराव, बारा वर्षांचा, शिक्षण असं काही झालेलं नाही, १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो बडोद्याच्या गादीचा धनी झाला. एका दिवसात! पण हातात पूर्ण कारभार आला १८८१ च्या शेवटी. मधली सहा वर्षं काय चाललं होतं, तर लिहायवाचायला शिकणं, भाषा शिकणं, दरबारात बसायचं कसं, बोलायचं कसं, सगळं पहिल्यापासून. या सहा वर्षांत तो राजा नव्हता का? होताच, म्हणून तर शिकवत होते. कुठल्या शिक्षकाने त्याला म्हटलं नसेल की इंग्रजी नीट आलं तर ठेवू नाहीतर कवळाण्याला परत पाठवू. आपण मात्र देव असंच म्हणतोय असं समजून राहतो, दररोज परीक्षा आणि दररोज परत पाठवण्याची भीती.

आणि ज्यांना वाटतं की आपलं दत्तक कोणीतरी येऊन रद्द करेल त्यांना इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी आठवतोच, सातारा १८४८, झाशी १८५४, दत्तक वारस मान्य नाही म्हणून राज्यं खालसा केली. वरचा सत्ताधीश मानत नसेल तर दत्तकविधान कितीही रीतसर असो, उपयोग शून्य. पण इथे दत्तक घेणाराच सर्वांत वरचा आहे, त्याच्या वर अजून कोणी बसलेलं नाही जो म्हणेल हे आम्हाला मान्य नाही. रोमकरांसच्या आठव्या अध्यायाचा शेवट वाचा, मरण, जीवन, अधिपती, खोली, उंची, पौल एकेक नाव घेऊन विचारतो आणि प्रत्येकाला नाही म्हणतो.

आता माझ्या घरातली गोष्ट, कारण मला दत्तकपण पुस्तकातून नाही कळलं, माझ्या मावसबहिणीकडून कळलं.

मावशी-काकांना मूल नव्हतं. नव्वदच्या दशकात त्यांनी एका संस्थेतून साधारण पाच वर्षांची मुलगी घरी आणली. तेव्हा ख्रिस्ती जोडप्यांची मोठी अडचण होती, १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, आम्ही येत नाही, आम्हाला १८९० च्या कायद्याखाली फक्त गार्डियन होता यायचं. गार्डियनकी मूल सज्ञान झालं की संपते, आणि वारसाहक्क आपोआप मिळत नाही. (पुढे २००० चा बाल न्याय कायदा आला, २००६ ला त्यात दुरुस्ती झाली, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की धर्म कोणताही असो त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं.) मावशीला तो कागद बघून रडू आलं होतं, म्हणाली मी हिची आई व्हायला गेले आणि यांनी मला वॉचमन केलं. काकांनी दुसऱ्याच महिन्यात मृत्युपत्र केलं, घर आणि जे काय थोडंफार होतं ते सगळं मुलीच्या नावे, का तर कायदा देत नसेल तर आपण देऊ. मला गलतीकरांसचा चौथा अध्याय वाचताना दरवेळी तो मृत्युपत्राचा कागद आठवतो. देव आपला सज्ञान होईपर्यंतचा गार्डियन नाही. तू मूल आहेस म्हणून वारीसही आहेस, असंच तिथे लिहिलंय.

ती मुलगी घरात आली तेव्हा काय करायची माहितीये? रात्री उशीखाली चपाती लपवायची. घरात भरपूर होतं, कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं, पण सकाळी गादी झटकली की वाळलेले तुकडे निघायचे. आणि खाताना प्रत्येक वेळी विचारायची, घेऊ का. मावशी रागावली नाही. तिने एक छोटा स्टीलचा डबा आणला, रोज रात्री त्यात भाकरी-गूळ नाहीतर चिवडा भरून तिच्या उशाशी ठेवायची आणि म्हणायची, हा तुझाच. किती महिने हे चाललं मला आठवत नाही, पण एक दिवस मावशी फोनवर आईला सांगत होती, अगं आज डब्याला मुंग्या लागल्या, ती विसरली, आणि हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

आपल्या उशीखाली काय आहे ते शोधा, हे दुसरं काम. देवाने सोडून दिलं तर असावं म्हणून आपण काय काय जपून ठेवलंय. कोणाचं ते सेवेचं रजिस्टर असतं, मी इतके उपास केले, इतक्या कॉटेज प्रेअर, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभा, घेतल्या. कोणाचं पैसे असतात. कोणी जुनं भय तसंच ठेवतं, की नवस चुकला तर काहीतरी होईल, आता नवस करत नाहीत पण दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, द्यायचा राहिला की तेच पोटात गोळा येणं. स्वतःवर चिडू नका. नाव घेऊन देवाला सांगा की मी हे लपवून ठेवलंय कारण मला अजून खात्री नाही वाटत. एवढं खरं बोलणं लेकरालाच जमतं, नोकर असं बोलत नाही.

आता हाकेचं. संस्थेत सगळ्या बायकांना ताई म्हणायची सवय, म्हणून ती मावशीलाही ताईच म्हणायची, सात-आठ महिने. मावशीने जबरदस्ती नाही केली. एका संध्याकाळी बाथरूममध्ये पाल पडली आणि आतून किंकाळी आली, ‘आई, लवकर ये’. नुसतं ‘आई गं’ तर कोणीही ओरडतं, ते निराळं. ही हाक होती, ठराविक माणसाला मारलेली, ती येणार हे धरून मारलेली. मावशी कणकेच्या हाताने धावली.

रोमकरांस ८:१५ मध्ये आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो असं लिहिलंय ना, तिथला मूळ शब्द शांतपणे डोळे मिटून म्हणण्याचा नाही, ओरडण्याचा आहे, रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय येशूला ओरडून बोलावतो तिथेही तोच शब्द आहे. आणि ‘अब्बा’ हा अरामी शब्द नव्या करारात तीनच ठिकाणी येतो, रोमकरांस आणि गलतीकरांस या पत्रांत एकेकदा, आणि तिसरी जागा गेथशेमाने बाग, मार्क १४:३६, जिथे येशू स्वतः व्याकूळ होऊन म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. म्हणजे आपल्याला जी हाक मिळाली ती त्याचीच आहे, त्याच्या सगळ्यात वाईट रात्रीची. काही जण सांगतात अब्बा म्हणजे बाळाचं ‘डॅडी’, पण तसं फक्त बाळापुरतं नव्हतं, मोठी झालेली मुलंही बापाला अब्बाच म्हणायची, म्हणून पन्नाशीच्या माणसाने लाजायचं कारण नाही.

प्रॅक्टिकल सांगायचं तर, रोजच्या प्रार्थनेची पहिली ओळ लहान करा. मोठ्या पदव्या नंतर घ्या, देव पवित्र आहे ते कमी होत नाही, प्रभूच्या प्रार्थनेतही आधी ‘हे आमच्या पित्या’ आणि मग ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ असाच क्रम आहे. नुसतं ‘बापा’ म्हणा आणि थांबा. घशाशी काही अडकलं तर अडकू द्या. दिवसभरात पाल पडावी तसे प्रसंग येतात, ऑफिसातून मेल येतो, मुलाला ताप भरतो, रिपोर्ट हातात मिळतो, त्या क्षणी तोंडातून काय निघतं तिकडे लक्ष ठेवा, तिथे एक शब्दाची हाक मारायची सवय लावा. वाक्य पूर्ण नसलं तरी चालतं. पुढे त्याच अध्यायात, २६ व्या वचनात, आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मागतो असं आहे.

ज्यांना स्वतःच्या वडिलांमुळे हा शब्दच नकोसा झालाय त्यांच्याशी वेगळं बोलायला हवं. दारू, मार, सोडून जाणं, घरात असून कधी न बोलणं, हे ऐकलंय मी त्या शनिवारच्या बैठकीत आणि कितीतरी जणांकडून. अशा माणसाला ‘देव तुझा बाप आहे’ म्हणून तिथेच सोडून देऊ नका, त्याला ती बातमी चांगली वाटतच नाही. घाई करू नका. आधी येशूकडे बघा, तो लेकरांना कसा जवळ घेतो, रक्तस्राव होणाऱ्या बाईला ‘मुली’ म्हणून कसा बोलतो, मेलेल्या मित्राच्या कबरेशी कसा रडतो. ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं असं तो स्वतः म्हणाला. तेव्हा आपल्या वडिलांचा चेहरा मोठा करून देवाला लावायचा नाही, येशूचा चेहरा बघून बाप हा शब्द नव्याने शिकायचा. वर्ष लागलं तरी लागू दे. आणि मार खाल्लेल्या माणसाला प्रार्थनेइतकीच जवळ बसून ऐकणाऱ्या कोणाची तरी, गरज असेल तर समुपदेशकाची, मदत घ्यायला सांगा, त्यात विश्वास कमी पडत नाही.

चुकलो तर काय, हा प्रश्न प्रत्येकाचा. लूक १५ उघडा आणि एक बारीक गोष्ट बघा. बापाकडून वाटणी घेऊन सगळं उडवून बसलेला तो उधळ्या मुलगा डुकरांपाशी बसून भाषण पाठ करतो, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी आल्यावर तो भाषण सुरू करतो पण शेवटचं वाक्य, मोलकऱ्यासारखं ठेवा, ते तोंडातून निघतच नाही, बाप आधीच चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. पश्चात्ताप ऐकून घेतला, नोकरीचा अर्ज मात्र घेतलाच नाही. म्हणून पाप कबूल करताना पहिला भाग पूर्ण करा, काय केलं ते नाव घेऊन, गोलमाल नाही, आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्या. पण दुसरा भाग, की आता मला जरा लांबच ठेव, मी महिनाभर नीट वागून दाखवतो मग जवळ येतो, तो सोडून द्या. देव शिस्त लावतो, इब्री १२ मध्ये स्पष्ट आहे, आणि ती दुखते सुद्धा, पण तिथे म्हटलंय की तो पुत्र मानतो म्हणूनच शिस्त लावतो. शेजारच्याच्या पोराला कोण शिस्त लावतं?

त्याच गोष्टीतल्या थोरल्या भावाकडेही बघा, विशेषतः आपल्यासारखे जन्मापासून चर्चमध्ये वाढलेले. तो कधी घर सोडून गेला नाही पण बापाला म्हणतो इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एक करडू दिलं नाहीत. घरात राहून नोकराचा हिशेब. मला हा भाऊ जास्त ओळखीचा वाटतो, आमच्या चार पिढ्या ख्रिस्ती, आणि मला ‘बापा’ पाठ होतं म्हणून म्हणता यायचं, हाक म्हणून मारता आलं ते खूप उशिरा.

जे दुसऱ्या धर्माच्या घरातून विश्वासात आलेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. देवाने दत्तक घेतलं म्हणजे जन्मदात्या आईवडिलांशी नातं तुटलं असं नाही. घरचे आधीच घाबरलेले असतात, पोर आता आपलं राहिलं नाही म्हणतात, त्या भीतीला खतपाणी घालू नका. आईबापाचा मान राख ही आज्ञा तशीच आहे. त्यांना दवाखान्यात न्या, दिवाळीला घरी जा, पैसे पाठवा, फोन करा, पूर्वीपेक्षा जास्त. देवाची लेकरं झालेली माणसं घरात जास्त मायेने वागतात हे त्यांना भांड्याकुंड्यात दिसू दे.

आणि बाप एक म्हटला की भावंडं आलीच. ती निवडून मिळत नाहीत. मंडळीत आपल्या जातीची, आपल्या गावाकडची, आपल्या इंग्रजीची माणसं शोधून बसतो ना आपण, ते या घरात चालत नाही. येशू स्वतः आपल्याला भाऊ म्हणायला लाजत नाही असं इब्री २ मध्ये आहे, मग आपण कोणाच्या शेजारी बसायला लाजतो ते स्वतःला विचारा आणि पुढच्या रविवारी मुद्दाम तिथे जाऊन बसा. बायांनी एक ध्यानात ठेवा, पत्रांत ‘पुत्र’ शब्द दिसला की आपण बाहेर असं वाटून घेऊ नका, त्या काळी वारसा मुख्यतः मुलाकडे जायचा आणि पौल तोच शब्द स्त्री-पुरुष सगळ्यांना लावतो, म्हणजे वाटणीत मुलीलाही पूर्ण हिस्सा.

वारशात दुःखही येतं, हे लपवून ठेवलं तर मी खोटी ठरेन. रोमकरांस ८:१७ मध्ये ख्रिस्ताच्या सोबतीचे वारीस म्हटल्यावर लगेच त्याच्याबरोबर दुःख भोगण्याचं येतं. आणि २३ व्या वचनात पौल म्हणतो की आपण अजून दत्तकपणाची वाट बघत कण्हतोय, म्हणजे शरीराच्या मुक्तीची. आधी १५ मध्ये मिळालंय म्हणतो आणि २३ मध्ये वाट बघतोय. दोन्ही खरं. कागद झालाय, हाक मारता येते, पण घरी पूर्ण पोचलेलो नाही, म्हणून आजार बरा झाला नाही किंवा नोकरी गेली तर देवाने दत्तक रद्द केलं असा अर्थ काढू नका.

राहिला बाप्तिस्म्याचा प्रश्न. वसईच्या आमच्या कॅथलिक मैत्रिणी सांगतात की बाप्तिस्म्यातच माणूस देवाचं लेकरू होतो, आमच्याकडे विश्वासावर जास्त भर देतात, यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही, पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि टाळू नका एवढंच. मागच्या महिन्यात त्या काकूंनीच विचारलं, माझा बाप्तिस्मा अजून दोन महिन्यांनी आहे, तोपर्यंत म्हणू का बापा? मी म्हटलं, तुम्ही येशूवर विश्वास ठेवलाय ना? म्हणाल्या, हो. मग म्हणा की. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, चहा गार झाला, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, ‘बापा, मी आलेय.’